पिकांवरील वायुसंक्षोभ व ऊर्जा-विनिमय

पिकांवरील वायुसंक्षोभ म्हणजे उभ्या पिकाच्या शेंड्यांलगत आणि त्यांच्या वर काही मीटर उंचीपर्यंत होणारी हवेची अनियमित, भोवऱ्यांनी भरलेली हालचाल होय. या हालचालीमुळे जमीन, पीक आणि वातावरण यांच्यात उष्णता, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व संवेग यांची सतत देवाणघेवाण होते. शेतावर पडलेल्या सूर्याच्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होईल आणि किती ऊर्जा हवा तापवील, हे मुख्यतः या पातळ थरात ठरते. त्यामुळे पिकाची पाण्याची गरज, उन्हाळी वाऱ्यांमुळे होणारे नुकसान आणि थंडीच्या रात्री पिकाला असणारा धोका समजून घेण्यासाठी या थराचा अभ्यास आवश्यक ठरतो.

हा विषय कृषी हवामानशास्त्र आणि सूक्ष्मजलवायुशास्त्र या दोन्ही शाखांत मोडतो. भारतात त्याचा पद्धतशीर अभ्यास १९३२ पासून पुणे येथे एल. ए. रामदास यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्या किंचित वर असते, हा त्यांचा शोध ‘रामदास थर’ या नावाने जगभर ओळखला जातो.

स्वरूप

भूपृष्ठाच्या प्रत्यक्ष प्रभावाखाली असलेल्या वातावरणाच्या तळच्या भागास सीमास्तर म्हणतात. दिवसा त्याची जाडी सामान्यतः एक ते दोन किलोमीटर असते, तर रात्री ती शंभर-दोनशे मीटरपर्यंत उतरते. पिकांवरील थर हा या सीमास्तराचा अगदी तळचा भाग होय.

पानाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचे एक अत्यंत पातळ, सुमारे मिलिमीटरभर जाडीचे आवरण असते. या आवरणातून उष्णता व वाफ रेणूंच्या संथ विसरणाने बाहेर पडतात. त्यापुढचा प्रवास मात्र रेणूंच्या विसरणाने होऊ शकत नाही. पूर्णपणे निश्चल हवेत उष्णतेला केवळ विसरणाने एक मीटर अंतर ओलांडण्यास बारा तासांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात उन्हात तापलेल्या शेतावरील उष्णता काही सेकंदांत ते मिनिटांत वर पोहोचते, कारण हवेचे लहानमोठे भोवरे, म्हणजेच आवर्त, तिला उचलून नेतात. या वहनास संक्षोभी वहन म्हणतात.

संक्षोभ दोन कारणांनी निर्माण होतो. पहिले कारण यांत्रिक आहे. वारा पिकाला घासून जाताना त्याचा वेग शेंड्यांजवळ कमी होतो आणि वर वाढत जातो. शेजारच्या थरांतील वेगाच्या या फरकामुळे प्रवाह फुटून आवर्त तयार होतात. दुसरे कारण औष्णिक आहे. तापलेल्या पृष्ठभागावरील हवा हलकी होऊन वर चढते व तिची जागा घेण्यासाठी थंड हवा खाली येते. सकाळी वारा मंद असतानाही शेतावर हालचाल सुरू होते ती या दुसऱ्या कारणामुळे.

ऊर्जेचा ताळेबंद

शेताला मिळणारी निव्वळ प्रारण-ऊर्जा म्हणजे आलेल्या प्रारणातून परावर्तित झालेले आणि शेताने स्वतः उत्सर्जित केलेले प्रारण वजा करून उरलेली ऊर्जा. तिची विभागणी मुख्यतः तीन वाटांनी होते:

निव्वळ प्रारण = जमिनीत जाणारी उष्णता + संवेद्य उष्णता + सुप्त उष्णता

संवेद्य उष्णता हवेचे तापमान वाढवते. सुप्त उष्णता मातीतील बाष्पीभवन व पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन यांसाठी खर्च होते. प्रकाशसंश्लेषणात साठवली जाणारी ऊर्जा या तिन्हींच्या तुलनेत फारच थोडी असल्याने ताळेबंदात ती बहुधा धरली जात नाही.

एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४.५ लाख जूल ऊर्जा लागते. समजा, दुपारी एखाद्या भिजवलेल्या शेताला प्रति चौरस मीटर ५०० वॅट निव्वळ प्रारण मिळत आहे आणि त्यांपैकी ४०० वॅट बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जनात खर्च होत आहेत. तर तासाभरात सुमारे ०.६ मिलिमीटर पाणी हवेत जाईल. हा आकडा लहान वाटला तरी एक हेक्टर क्षेत्रासाठी तो जवळजवळ ६,००० लिटर भरतो.

संवेद्य व सुप्त उष्णतेच्या गुणोत्तरास अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांच्या नावावरून बोवेन गुणोत्तर म्हणतात. त्यांनी त्याची मांडणी १९२६ मध्ये केली. भिजलेल्या, हिरव्या शेतावर हे गुणोत्तर एकापेक्षा बरेच कमी असते. कोरड्या, उघड्या जमिनीवर ते एकाहून कितीतरी अधिक होते. याच कारणाने एप्रिल-मे महिन्यांत उसाच्या फडाशेजारची हवा नांगरून टाकलेल्या रानावरील हवेपेक्षा थंड लागते. दोन्ही ठिकाणी ऊन सारखेच असते, पण ऊर्जेची वाट वेगळी असते.

पिकाची उंची आणि वारा

सपाट व सलग शेतावर वाऱ्याचा वेग उंचीबरोबर लघुगणकीय नियमाने वाढतो, म्हणजे तळाशी झपाट्याने आणि वर गेल्यावर हळूहळू. या नियमात पिकाचे दोन गुणधर्म येतात. पहिला म्हणजे विस्थापन-उंची. वाऱ्याच्या दृष्टीने ‘जमीन’ प्रत्यक्ष मातीपाशी नसून पिकाच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश पातळीवर असते. दुसरा म्हणजे खडबडीतपणाची लांबी. ती पिकाच्या उंचीच्या साधारण एक-दशांश असते.

३० सेंटिमीटर उंचीच्या भुईमुगासाठी विस्थापन-उंची सुमारे २० सेंटिमीटर आणि खडबडीतपणाची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर येते. ३ मीटर उंचीच्या उसासाठी हीच मूल्ये अनुक्रमे सुमारे २ मीटर व ३० सेंटिमीटर होतात. पृष्ठभाग जितका खडबडीत तितका संक्षोभ अधिक आणि तितकी पीक व हवा यांच्यातील देवाणघेवाण वेगवान. म्हणून उंच पिकाचा वाऱ्याशी संबंध बुटक्या पिकापेक्षा अधिक घट्ट असतो.

शेंड्यांवरील आवर्त

पिकाच्या आत वारा फार मंद आणि शेंड्यांच्या लगेच वर बराच वेगवान असतो. वेगातील हा एकाएकी होणारा बदल अस्थिर असतो. त्यातून एकामागून एक लाटा उठतात आणि त्यांचे मोठे आवर्त बनतात. एम. आर. रॉपाक, जे. जे. फिनिगन व वाय. ब्रुने यांनी १९९६ मध्ये असे प्रतिपादन केले की, पिकाच्या शेंड्यावरील प्रवाह साध्या जमिनीवरील प्रवाहापेक्षा वेगवेगळ्या वेगांच्या दोन प्रवाहांच्या संगमाशी अधिक मिळताजुळता असतो.

गव्हाच्या किंवा भाताच्या शेतावरून धावत जाणाऱ्या लाटा हे या आवर्तांचे डोळ्यांना दिसणारे रूप होय. जपानी भाषेत त्यांना ‘होनामी’, म्हणजे कणसांच्या लाटा, म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ ई. इनोउए यांनी १९५५ मध्ये त्यांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.

या आवर्तांमुळे देवाणघेवाण संथ व अखंड न राहता टप्प्याटप्प्याने होते. वरची वेगवान हवा झोतासारखी पिकात घुसते आणि आतील उबदार, दमट हवा उसळून बाहेर पडते. एकूण देवाणघेवाणीचा मोठा भाग अशा थोड्या वेळ टिकणाऱ्या झोतांत उरकतो. त्यामुळे पिकाच्या आत ‘उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते’ हा साधा नियम सरासरी तापमानांना लावता येत नाही. ओ. टी. डेनमीड व ई. एफ. ब्रॅडली यांनी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाइन वृक्षांच्या वनात सरासरी उताराच्या उलट दिशेने होणारे वहन मोजून दाखवले.

दिवस आणि रात्र

दिवसा भूपृष्ठ हवेपेक्षा उष्ण असते. खालची हवा हलकी असल्याने थर अस्थिर राहतो व संक्षोभ वाढतो. सूर्यास्तानंतर भूपृष्ठ प्रारणाने ऊर्जा गमावते आणि त्याला लागलेली हवा थंड व जड होते. थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, या रचनेस तापमान-व्युत्क्रमण म्हणतात. अशा स्थिर थरात भोवऱ्यांना जड हवा वर उचलावी लागते व त्यात त्यांची ऊर्जा संपते. वारा मंद असेल तर संक्षोभ जवळजवळ थांबतो.

संक्षोभ निर्माण करणाऱ्या व त्याला दाबणाऱ्या या दोन प्रभावांची तुलना ज्या अंकाने करतात त्यास ब्रिटिश शास्त्रज्ञ एल. एफ. रिचर्डसन यांच्या नावावरून रिचर्डसन अंक म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ ए. एस. मोनिन व ए. एम. ओबुखोव्ह यांनी १९५४ मध्ये मांडलेला साम्य-सिद्धांत आजही या थराच्या गणनेचा पाया आहे.

रात्री संक्षोभ थांबल्यावर वरच्या उबदार हवेतील उष्णता खाली येण्याचा मार्ग बंद होतो आणि पीक थंड होत जाते. वाऱ्याची एखादी झुळूक आली तर थर ढवळून तापमान पुन्हा काही अंशांनी चढू शकते. निरभ्र आणि निवांत रात्र पिकाला सर्वांत धोक्याची असते ती यामुळेच.

पुण्यातील संशोधन

भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्याची इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ या नावाने परिचित आहे. शेतीविषयक शाही आयोगाने केलेल्या शिफारशीनंतर १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली आणि तिची धुरा एल. ए. रामदास (१९००–१९७९) यांच्याकडे आली. रामदास हे कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात केंद्रीय कृषी हवामान वेधशाळा उभी राहिली. तेथे उघड्या जमिनीवर आणि उभ्या पिकांत निरनिराळ्या उंचींवर तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद घेतली जाऊ लागली.

रामदास यांनी आर. जे. कलमकर व के. एम. गद्रे यांच्यासह १९३४ पासून पिकांच्या सूक्ष्मजलवायूवरील अभ्यास प्रसिद्ध केले. उघड्या जमिनीपेक्षा पिकाच्या आतील हवा दिवसा किती निराळी असते, हे या निरीक्षणांतून आकड्यांत मांडता आले. दख्खनच्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यातील दुपारी ६० अंश सेल्सियसच्याही वर तापतो. त्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरल्यास तो बराच थंड राहतो, हेही पुण्यातील प्रयोगांत दिसून आले.

रामदास थर

रात्री भूपृष्ठ प्रारणाने थंड होते, म्हणून सर्वांत कमी तापमान जमिनीवरच असले पाहिजे, असे पूर्वी मानले जाई. रामदास व एस. आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत निराळे चित्र आढळले. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर किमान तापमान जमिनीपाशी नसून तिच्या काही दशसेंटिमीटर वर होते आणि ते जमिनीच्या तापमानापेक्षा काही अंशांपर्यंत कमी होते.

या निष्कर्षावर प्रारंभी अनेकांचा विश्वास बसला नाही. थंड, जड हवा उबदार हवेवर टिकून राहणे अशक्य वाटत असल्याने मोजमापात चूक असावी, असा संशय घेतला गेला. जर्मन शास्त्रज्ञ के. राश्के यांनी पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापे घेतली आणि १९५७ मध्ये ही घटना खरी असल्याचे नोंदवले.

या थराचे स्पष्टीकरण प्रारणाच्या देवाणघेवाणीत शोधले गेले. ए. एस. वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन व रोद्दम नरसिंह यांनी १९९३ मध्ये भूपृष्ठाची उत्सर्जकता आणि हवेतील बाष्पाचे प्रारण यांवर आधारित सिद्धांत मांडला. पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील के. आर. श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीलगतच्या हवेतील सूक्ष्म कणांच्या प्रारणाला अधिक महत्त्वाचे ठरवले. या सर्व स्पष्टीकरणांत एक गोष्ट समान आहे. संक्षोभ जवळजवळ शून्य असतानाच हा थर टिकतो व वारा सुटताच तो नाहीसा होतो.

रामदास थर उघड्या जमिनीवर आढळतो. दाट पिकात प्रारण उत्सर्जित करणारा मुख्य पृष्ठभाग म्हणजे वरच्या पानांचा थर असतो, त्यामुळे सर्वांत आधी थंडावतात ती शेंड्याकडची पाने.

मापनाच्या पद्धती

सुरुवातीच्या काळात निरनिराळ्या उंचींवरील तापमान, आर्द्रता व वाऱ्याच्या वेगातील फरकांवरून देवाणघेवाणीचा अंदाज बांधला जाई. भारमापक, म्हणजे पिकासह मातीचा ठोकळा तोलून त्यातील पाण्याची घट मोजणारे उपकरण, ही दुसरी पद्धत होय.

सध्या आवर्त-सहविचरण पद्धती प्रमाण मानली जाते. शेतात उभारलेल्या मनोऱ्यावर ध्वनी-वायुवेगमापक आणि वाफ व कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र बसवतात. ही उपकरणे सेकंदाला १० ते २० वेळा नोंदी घेतात. वर जाणारी हवा खाली येणाऱ्या हवेपेक्षा किती उष्ण वा दमट आहे, याची बेरीज केली की प्रत्यक्ष वहन मिळते. या पद्धतीची तत्त्वे ऑस्ट्रेलियात डब्ल्यू. सी. स्विनबँक यांनी १९५१ मध्ये मांडली. १९६८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सास राज्यात गव्हाच्या कापणीनंतरच्या सपाट शेतावर झालेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत समजला जातो.

भारतात १९९० मध्ये मान्सूनच्या न्यूनदाब पट्ट्यातील सीमास्तरावर ‘मॉन्टब्लेक्स’ हा प्रयोग झाला. १९९७–९८ मध्ये गुजरातमधील साबरमती खोऱ्यात भूपृष्ठ-प्रक्रियांवर मोठा क्षेत्रीय प्रयोग झाला. त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा महत्त्वाचा सहभाग होता.

शेतीतील उपयोग

पाण्याची गरज : एच. एल. पेनमन यांनी १९४८ मध्ये प्रारण व वारा यांना एकत्र आणणारे बाष्पीभवनाचे समीकरण मांडले. जे. एल. माँटीथ यांनी १९६५ मध्ये त्यात पानांच्या रंध्रांचा विरोध समाविष्ट केला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९८ मध्ये पेनमन-माँटीथ समीकरण पिकांची पाण्याची गरज काढण्यासाठी प्रमाण म्हणून स्वीकारले. १२ सेंटिमीटर उंचीचे हिरवे गवत हे त्यातील संदर्भ पीक आहे.

मरुउद्यान परिणाम : कोरड्या रानांनी वेढलेल्या ओलिताच्या शेतावर आजूबाजूची उष्ण हवा वाहत येते आणि आपली उष्णता पिकाला देते. अशा वेळी बाष्पोत्सर्जनात खर्च होणारी ऊर्जा शेताला मिळालेल्या निव्वळ प्रारणापेक्षाही अधिक होऊ शकते. सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातील उन्हाळी उसाला ही परिस्थिती लागू पडते. कडेच्या ओळींना याचा ताण सर्वाधिक बसतो.

वारारोधक : जळगाव भागात केळीच्या बागेभोवती शेवरी, गजराज गवत इत्यादींची दाट कड लावण्याची पद्धत आहे. वारारोधकाचा चांगला आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत मिळतो. थोडा वारा आत येऊ देणारी कड भरीव भिंतीपेक्षा अधिक उपयोगी असते, कारण भिंतीमागे जोरदार आवर्त तयार होऊन पिकाचे नुकसान होऊ शकते.

थंडीपासून संरक्षण : नाशिक जिल्ह्यात, विशेषतः गोदावरी व कादवा खोऱ्यातील निफाड परिसरात, डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली येतो. द्राक्षमण्यांची वाढ थांबणे व त्यांना तडे जाणे हे त्याचे परिणाम होत. वेधशाळेचे तापमान सुमारे सव्वा मीटर उंचीवरील पेटीत मोजलेले असते. निरभ्र रात्री पानांचे तापमान त्याहून कमी असू शकते, म्हणून जाहीर झालेल्या आकड्यावर विसंबणे पुरेसे नसते.

शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात किंवा पाणी देतात. ओली माती दिवसा साठवलेली उष्णता कोरड्या मातीपेक्षा सहज वर पोहोचवते. शेकोट्यांचा उपयोग मुख्यतः त्यांच्या उष्णतेमुळे होतो. धुराचे कण जमिनीतून बाहेर पडणारे दीर्घलहरी प्रारण फारसे अडवत नाहीत. एका मोठ्या जाळाने उबदार हवेचा स्तंभ सरळ वर निघून जातो व बाजूंची थंड हवा आत ओढली जाते. त्याऐवजी ठिकठिकाणी केलेल्या लहान शेकोट्या व्युत्क्रमणाच्या थराखाली उष्णता राखतात. परदेशांत काही फळबागांत उंच खांबांवर मोठे पंखे बसवून वरची उबदार हवा खाली ढवळली जाते. रात्री थांबलेला संक्षोभ यंत्राने पुन्हा निर्माण करण्याचाच तो प्रकार होय.

शहरी भूपृष्ठाशी तुलना

हाच ताळेबंद शहरालाही लावता येतो. मुंबईतील माझगाव हे त्याचे एक उदाहरण आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक असलेले हे बेट एकेकाळी आमरायांसाठी प्रसिद्ध होते. आता तेथे गोदी, कारखाने व दाट वस्ती आहे. झाडांचे छत्र जाऊन इमारती आल्याने पृष्ठभागाचा खडबडीतपणा वाढला. दाट शहरी वस्तीत खडबडीतपणाची लांबी मीटरच्या घरात जाते, म्हणजे उसाच्या फडाच्याही काही पट होते. दुसरीकडे, बाष्पोत्सर्जन करणारी पाने व उघडी माती कमी झाल्याने कोरड्या ऋतूत ऊर्जेचा मोठा वाटा संवेद्य उष्णतेकडे व काँक्रीटमधील साठवणीकडे वळतो. दिवसा साठलेली ही उष्णता रात्री सावकाश बाहेर पडते. त्यामुळे दाट शहरी वस्तीतील रात्री उघड्या शेतातील रात्रींइतक्या थंड होत नाहीत.